दुखतंय, हे कुणाला सांगितलंस?

पत्राचा सारांश : वय २६. व्यावसायिक बास्केटबॉलपटू. सामन्यात उडी मारून उतरताना डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा) तुटलं. साडेपाच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, रिहॅब चालू आहे. दुखापतीच्या आधीपासून, सीझन नसतानाच्या सुट्टीत ती रॉबिन्सन आर-४४ वर हेलिकॉप्टर उडवायला शिकत होती. शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात तिने उड्डाणं पुन्हा सुरू केली. लॉगबुकमध्ये २२ तास झालेत आणि दहा दिवसांनी पहिली सोलो (इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने उड्डाण) आहे. बास्केटबॉलचे प्रशिक्षक म्हणतात, 'दोन दगडांवर पाय ठेवू नकोस.' आईला हेलिकॉप्टर कोसळून गेलेल्या कोबी ब्रायंट या अमेरिकी बास्केटबॉलपटूचा अपघात आठवतो, ती हा विषयच काढू देत नाही. फिजिओंना उड्डाणाचं माहीत नाही आणि इन्स्ट्रक्टरना 'गुडघा जरा दुखावला होता' एवढंच माहीत आहे. अर्ध्या-पाऊण तासानंतर पेडलवरचा डावा पाय दुखायला लागतो, कधी थरथरतो, म्हणून ती निघण्याआधी एक वेदनाशामक गोळी घेते. ती लिहिते, 'दुखणं मी सहन करू शकते, आजवर तेच करत आलेय. हवेत असताना मला गुडघा आठवतसुद्धा नाही. ताई, या दोन्हींतलं मी कोणतं एक सोडू?'

प्रिय मैत्रिणी,

आधी तातडीचं सांगते. दहा दिवसांनी सोलोला जाऊ नकोस. रद्द कर असं म्हणत नाही, पुढे ढकल. तुझा गुडघा ज्यांनी तपासायला हवा त्यांनी तो तपासेपर्यंत थांब. एकटीने पहिल्यांदा हेलिकॉप्टर वर नेण्याचा आनंद काही महिन्यांनी मिळाला तरी तो शिळा झालेला नसेल.

आता तुझा प्रश्न. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिलीने खुणा करत गेले. फिजिओंना उड्डाण माहीत नाही. इन्स्ट्रक्टरना शस्त्रक्रिया माहीत नाही. प्रशिक्षकांना ती थरथर माहीत नाही. आईशी तर यावर बोलणंच बंद आहे. ही सगळी माणसं तुझ्याबद्दल मत देताहेत आणि एकाकडेही पुरती माहिती नाही. ती फक्त तुझ्याकडे आहे, आणि उड्डाणाआधीच्या त्या गोळीने तूही ती स्वतःपासून थोडी झाकतेस. 'कोणतं सोडू' याचं उत्तर आज मी दिलं काय किंवा आणखी कुणी दिलं काय, ते अर्धवट माहितीवरचंच असेल.

मी डॉक्टर नाही, वैमानिकही नाही. पुढे लिहितेय ते तुझ्या डॉक्टरांसमोर आणि इन्स्ट्रक्टरसमोर घेऊन बसावं म्हणून.

'हेलिकॉप्टर बसूनच तर चालवायचं असतं, गुडघ्यावर वजन येतंच कुठे?' असं तू मध्येच एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मला तिथे थांबावंसं वाटलं. हेलिकॉप्टरमध्ये पायांना उसंत नसते, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डाव्या हातात कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा दांडा), उजव्या हातात सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा) आणि दोन्ही पाय पेडलवर. आर-४४ ची पाती वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. कलेक्टिव्ह वर घेतलं की नाक उजवीकडे वळू पाहतं आणि ते सरळ ठेवायला डावं पेडल दाबावं लागतं. म्हणजे जमीन सोडताना, हॉवरमध्ये (हवेत एका जागी थांबलेलं असताना), चढताना, इंजिन जेव्हा जेव्हा जोर लावतं तेव्हा काम पडतं ते तुझ्या शस्त्रक्रिया झालेल्या पायालाच. (फ्रेंच बनावटीच्या बऱ्याच हेलिकॉप्टरांत पाती उलटी फिरतात, तिथे हे काम उजव्या पायाकडे जातं. तुझ्यासारख्याच अवस्थेतल्या इतरांनी आपला दुखरा पाय कोणता आणि आपलं यंत्र कोणतं, हे पडताळून घ्यावं.)

दाब तसा फार नसतो. पण जिममध्ये पाय भार घेतो आणि सोडतो. इथे गुडघा एका कोनात वाकवून, टाच टेकवून, पाऊण-पाऊण तास धरून ठेवायचा असतो, आणि वर यंत्राचे हादरे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याच्या वाटीमागे दुखणं ही नेहमीची तक्रार आहे. पाय वाकवून बराच वेळ बसलं की हे दुखणं डोकं वर काढतं. तुझं दुखणं तेच आहे की आणखी काही, हे फिजिओ पाहून सांगू शकतील. त्यासाठी तू तासन्‌तास पेडलवर असतेस हे त्यांना कळायला हवं.

दुखण्यापेक्षा मला त्या थरथरीची जास्त काळजी वाटते. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून पूर्ण जोराचा हुकूम जातच नाही. सांधा वाचवण्याची ही शरीराची आपली रीत आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर हे कित्येक महिने रेंगाळू शकतं. दुखणं दात आवळून सोसता येतं. पण स्नायूपर्यंत निरोपच पोचला नाही तर दात आवळून काय होणार? शिवाय जे लिगामेंट तुटलं, त्यात गुडघा किती वाकलाय, किती ताणलाय हे मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं होती. नवा ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी लावलेला दुसरा पट्टा) बसवला म्हणून ती लगेच परत येत नाहीत. तुझी नजर हॉवरमध्ये दूर क्षितिजाकडे असते, पेडलवर किती दाब आहे हे पायालाच कळावं लागतं. नेमकं हेच भान तुझ्या डाव्या गुडघ्यात आज अर्धवट आहे.

रोजच्या उड्डाणात हे निभावून जातं. न निभावण्याची वेळ क्वचित येते आणि ती सांगून येत नाही. इंजिन बंद पडलं तर सेकंद-दीड सेकंदाच्या आत कलेक्टिव्ह खाली जायला हवं, आणि त्याच क्षणी डाव्या पेडलवरचा दाब काढून उजवं पेडल पुढे जायला हवं. ऑटोरोटेशनचा, म्हणजे इंजिनाशिवाय नुसत्या हवेने पाती फिरती ठेवून उतरण्याचा, सराव तू केला असशील, पण तेव्हा शेजारी इन्स्ट्रक्टर होते. किंवा कमी वेगात, बाजूच्या वाऱ्यात, शेपटीचा रोटर अपुरा पडून नाक उजवीकडे गरकन फिरायला लागलं तर काय करायचं शिकवतात? सायक्लिक पुढे आणि डावं पेडल पूर्ण दाबून धरायचं, फिरणं थांबेपर्यंत. हे बहुधा उतरायच्या सुमारास घडतं, म्हणजे तुझा पाय थरथरायला लागतो त्याच वेळी. सोलोत ते पेडल दाबायला दुसरा पाय नसतो.

गोळीबद्दल लांबण लावत नाही. काही वेदनाशामकांनी गुंगी येते, निर्णय मंदावतात. अशी औषधं अंगात असताना उडायचं नसतं, आणि ती अंगातून जायला किती वेळ लागतो हे हवाई वैद्यकीय तपासणी करणारे डॉक्टरच ठरवतात. साधी, गुंगी न आणणारी गोळी असली तरी दुसरा प्रश्न उरतोच : उडण्यासाठी गोळी लागत असेल तर त्या दिवशी तू उडायला तयार नाहीस. सामन्याआधी गोळी घेऊन खेळण्याची सवय तुला खेळाने लावली. तो वारसा विमानतळावर नेऊ नकोस.

आणि नियमही तेच सांगतो. वैमानिकांच्या परवान्यांचे आंतरराष्ट्रीय निकष आयसीएओ ही संघटना ठरवते. त्यातलं एक कलम साधं आहे : आपली तब्येत उड्डाणाला बाधा येईल इतकी खालावली आहे हे माहीत असताना परवाना वापरायचा नाही. तुझं मेडिकल सर्टिफिकेट शस्त्रक्रियेच्या आधीचं आहे. त्यावरची मुदत शिल्लक असेल, पण ज्या गुडघ्याला पाहून ते दिलं तो गुडघा आता बदललाय.

तू गप्प का राहिलीस हे मला कळतं. सांगितलं तर सगळेच 'नाही' म्हणतील, हीच भीती ना? खेळात 'दुखतंय' म्हणणारी बाकावर बसते आणि तिच्या जागी दुसरी उतरते, हे तू पंधराव्या वर्षापासून पाहत आलीस. वेदना लपवणं हे तुझ्या धंद्यातलं कौशल्य झालंय, आणि त्याच कौशल्याने तुला इथवर आणलं हेही खरं. पण हवेत त्याचा उपयोग उलटा होतो. डग्लस बादर या ब्रिटिश वैमानिकाचे १९३१ च्या अपघातात दोन्ही पाय गेले. तोही खेळाडूच, रग्बी खेळायचा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर कृत्रिम पायांनी उड्डाणाची चाचणी देऊन तो हवाई दलात परतला. त्याचे पाय लपवण्यासारखे नव्हते, म्हणून त्याला चाचणी द्यावीच लागली. तुझा गुडघा पँटखाली लपतो, फरक एवढाच. आजही हातापायात उणीव राहिलेल्यांची प्रत्यक्ष हेलिकॉप्टरमध्ये बसवून चाचणी घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. डॉक्टरांनी 'आत्ता नाही' म्हटलं तर त्याचा अर्थ बहुधा 'अमुक इतक्या महिन्यांनी या' असा असतो.

खरं सांगितल्याची किंमत कधीच मोजावी लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ॲरन बून हा अमेरिकेतला नामवंत बेसबॉलपटू. २००४ च्या जानेवारीत मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळताना त्याचं एसीएल तुटलं. करारात त्याला असे खेळ खेळायची मनाई होती. त्याने कसं लागलं ते खरं सांगितलं, आणि न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला मोकळं केलं. कराराची बरीचशी रक्कम त्याच्या हातून गेली. पुढे तो बरा होऊन दुसऱ्या संघांकडून खेळला, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याच यांकीजनी त्याला आपला व्यवस्थापक नेमलं. तुझ्या बाबतीत असंच गोड होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून प्रशिक्षकांशी बोलण्याआधी स्वतःचा करार काढून वाच, शक्यतो जाणकार वकिलाबरोबर. बऱ्याच व्यावसायिक करारांत आणि विम्याच्या कागदांत धोक्याच्या छंदांची यादी असते, त्यात स्वतः विमान किंवा हेलिकॉप्टर चालवणं आहे का ते बघ. असेल तर संघाला आणि विमा कंपनीला ते तुझ्याकडून कळू दे, अपघाताच्या बातमीतून नको.

प्रशिक्षकांचं दोन दगडांचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. 'मी म्हणजे माझा खेळ' एवढीच ओळख असलेल्या खेळाडूला दुखापत जास्त खोल लागते, मन जास्त खचतं, हे क्रीडा मानसशास्त्राच्या अभ्यासांत दिसून आलंय. कोर्टाबाहेर तुला मनापासून हवंसं काहीतरी आहे, हे रिहॅबच्या फायद्याचंच आहे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करायचा, दहा सेकंद धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि आठवड्याअखेरीस फरक पडला की नाही तेही नीट कळत नाही. असे महिने काढणाऱ्या मुलीला हॉवर केवढा मोठा दिलासा वाटत असेल! तिथे बोटभर हालचालीचं उत्तर लगेच मिळतं. पाच फुटांवर यंत्र स्थिर उभं राहिलं की आपलं शरीर पुन्हा आपलं ऐकतंय असं वाटतं. ही भावना खोटी नाही. फक्त 'हवेत गुडघा आठवतच नाही' हे वाक्य तू ज्या आनंदाने लिहिलंस, तेवढ्या आनंदाने मी वाचू शकले नाही. दुःख विसरायला होतं ते चांगलंच आहे. पण विसरलेला गुडघा इशाराही देत नाही, आणि थरथर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

तू जे 'एक सोड' म्हणून मागतेस, त्याऐवजी मी क्रम सुचवेन. सगळ्यात आधी फिजिओ आणि सर्जन. त्यांच्याकडे जाताना कॉकपिटचे फोटो घेऊन जा : सीट, पेडल, तू बसलेली असताना गुडघ्याचा कोन. उड्डाण किती मिनिटांचं, दुखणं कितव्या मिनिटाला, थरथर कधी, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याभोवती टेप लावून घेर किती भरतो, कोणती गोळी, किती वाजता. हे एका कागदावर लिही. त्यांना विचार की पेडलचं काम रिहॅबमध्ये घेता येईल का. कॉकपिटच्या उंचीच्या खुर्चीत बसून, टाच जमिनीवर, पुढचा तळवा भिंतीला लावलेल्या घडीच्या टॉवेलवर : डावा हळूहळू दाबत नेताना उजवा तेवढाच सोडायचा, मग उलट, आणि तेही डोळे मिटून. असा काही व्यायाम त्यांच्या देखरेखीखाली बसवता आला तर पेडलवरचा पाय आणि कोर्टवरचा पाय दोघांचंही भलं होईल.

मग तोच कागद घेऊन हवाई वैद्यकीय तपासणीच्या डॉक्टरांकडे. ते काय म्हणतात यावर पुढचं ठरेल. इन्स्ट्रक्टरना मात्र त्यांच्या निकालाची वाट न बघता आजच फोन कर. 'गुडघा दुखावला होता' हे वाक्य दुरुस्त कर : 'माझं एसीएल तुटलं होतं, साडेपाच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, अर्ध्या तासानंतर डावा पाय थरथरतो आणि मी गोळी घेऊन उडत होते.' एका दमात सांगून टाक. ते चिडतील कदाचित, आणि चिडण्याचा त्यांना हक्क आहे, कारण तुझ्याबरोबर तेही त्याच हेलिकॉप्टरमध्ये होते.

परवानगी मिळेपर्यंतचा काळ रिकामा जात नाही. हवामान, उड्डाणाचं शास्त्र, नियम, रेडिओवरचं बोलणं, सिम्युलेटर, यात कितीतरी महिने जातात. परवानगी मिळाली की आधी इन्स्ट्रक्टरबरोबरच, छोटी उड्डाणं. जिममध्ये पायांचा जड व्यायाम असतो त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उडायचं नाही. सोलोसाठी स्वतःच्या अटी लिहून काढ आणि त्या इन्स्ट्रक्टरना दे, म्हणजे ऐनवेळी मोडता येणार नाहीत. माझ्या मते त्या अशा असाव्यात : गोळीशिवाय पूर्ण उड्डाण, थरथर नाही, दुसऱ्या सकाळी सूज नाही, डावं पेडल शेवटपर्यंत दाबून वीस-तीस सेकंद धरता येतंय, आणि कुणाच्या हाताशिवाय कॉकपिटमधून झटकन खाली उतरता येतंय. शेवटची अट लोक विसरतात. जमिनीवर आणीबाणी आली तर लंगडत उतरायला वेळ नसतो. फिजिओ यात भर घालतील तर घालू दे.

घाई कशाची आहे, हेही एकदा बघ. आयसीएओच्या निकषांनुसार खासगी परवान्यासाठी किमान ४० तास लागतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात ३५, आणि त्यातले किमान १० सोलो. देशोदेशी आकडे थोडे वरखाली होतात. तुझे २२ तास लॉगबुकमधून कुठे पळून जात नाहीत. कोर्टवर परतण्याची घाई करणाऱ्यांसाठी मात्र आकडे कडक आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांच्या अभ्यासात असं आढळलं की परतणं शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलं. दुखऱ्या पायाची ताकद धडधाकट पायाच्या ९० टक्क्यांच्या वर येईपर्यंत खेळू देऊ नये, असा संकेतही आता रूढ आहे. तू साडेपाचव्या महिन्यात आहेस. म्हणजे साडेतीन महिने तुझ्या हातात आहेत, आणि त्यात कोर्टही नाही, सोलोही नाही. आत्ता ते डोंगराएवढे वाटतील, मला माहीत आहे.

राहता राहिली आई. तिच्या भीतीला तू 'अडाणीपणा' म्हटलंस, तो शब्द मला टोचला. कोबी ब्रायंटच्या २६ जानेवारी २०२० च्या त्या अपघातात नऊ जण गेले. २०२१ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला : वैमानिक ढगात शिरला, दिशेचं भान गेलं. आणि त्याला हातभार लावणाऱ्या कारणांत होतं ते बहुधा त्याने स्वतःच स्वतःवर आणलेलं दडपण, आणि ठरलेलं पुढे रेटत राहण्याची वृत्ती. आई हेलिकॉप्टरला घाबरते असं तुला वाटतं. मला वाटतं, ती तुझ्या रेटत राहण्याला घाबरत असेल. तिने तुला सुजलेल्या पायाने खेळताना पाहिलंय.

तिला समजावत बसू नकोस. परवानगी मिळून तू पुन्हा उडायला लागलीस की एका सकाळी तिला बरोबर घेऊन जा आणि प्री-फ्लाइट तपासणी करताना शेजारी उभी कर. उडायचं नाही त्या दिवशी, फक्त तपासणी. पात्यांच्या कडेवरून हात फिरवताना, तेल बघताना, शेपटीच्या रोटरजवळ खाली वाकून एकेक जोड डोळ्यांखालून घालताना तिला पाहू दे. यादीत सगळ्यात वर तू एक नवी ओळ लिहून ठेव, 'डावा गुडघा', आणि तिच्यासमोर ती आधी वाच. एखाद्या दिवशी त्या ओळीपाशी थांबून तू यादी मिटलीस, इन्स्ट्रक्टरना 'आज नाही' म्हणालीस आणि आईबरोबर घरी परत आलीस, तर मला नक्की कळव. सोलो झाल्याचं पत्र त्यानंतर आलं तरी चालेल.

तुझी,
ताई